चहा नको, 'चाय' हवं!

नवरा माळकरी, बायको मालवणी. लग्नानंतरची पहिली मोठी ट्रिप थेट व्हिएतनामला. फोच्या एका वाडग्यावरून पेटलेलं भांडण कुठे जाऊन निवलं, त्याची ही गोष्ट. जाता जाता तिथल्या खाण्याबद्दल आणि माणसांबद्दलही.

'जेवलीस का?' या दोन शब्दांवर आपल्याकडे किती मीम्स झालेत, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. इनबॉक्समध्ये हा प्रश्न आला की स्क्रीनशॉट थेट ग्रुपवर जातो! पण व्हिएतनाममध्ये हाच प्रश्न लोक एकमेकांना 'काय, कसं काय?'सारखा सहज विचारतात. 'अन कम चुआ?' म्हणजे शब्दशः 'भात खाल्लास का?'. माझ्या मावसबहिणीने हे सांगितलं तेव्हा मी खो खो हसले. ताई मात्र हसली नाही. म्हणाली, "हसू नकोस. या एका प्रश्नामुळे आम्ही दोघं परत बोलायला लागलो."

आता इतकं ऐकल्यावर पत्रकारितेची विद्यार्थिनी गप्प बसेल का? फोनवर रेकॉर्डर लावला आणि ताई-जिजूंच्या कोथरूडच्या घरी सोफ्यावर ठिय्या मारला. त्यांची परवानगी घेऊनच लिहितेय. अट एकच, नावं छापायची नाहीत.

आधी पात्र परिचय. ताई मालवणची. बांगड्याच्या तिखल्याचा वास आला की तिचा अभ्यास संपायचा. जिजू पंढरपूरजवळच्या गावचे. घरात तीन पिढ्यांची वारी आणि गळ्यात तुळशीची माळ. त्यामुळे मटण-मासे सोडाच, अंडंसुद्धा नाही. दोघं एकाच कंपनीत, लव्ह मॅरेज. लग्नाआधीच करार झाला होता. घरात शिजणार नाही, बाहेर तू खुशाल खा, मला आग्रह करायचा नाही. वर्षभर हा करार मस्त चालला, कारण एकत्र बाहेर गेले की दोघंही पनीर खायचे आणि ताईचे मासे मैत्रिणींबरोबर व्हायचे. म्हणजे नियम मोडला नव्हता, पण त्याची खरी परीक्षाही झाली नव्हती.

ती झाली फेब्रुवारी 2025 मध्ये. मुंबईहून हनोईला थेट विमान मिळालं, ई-व्हिसा घरबसल्या झाला. ताईच्या बॅगेत खाण्याच्या जागांची यादी. जिजूंच्या बॅगेत खाकरे, मेतकूट, इन्स्टंट पोहे आणि आईने दिलेल्या दशम्या.

पहिली सकाळ, पहिला घोळ

हनोईच्या जुन्या भागात गल्ल्यांना तिथे चालणाऱ्या धंद्यांची नावं आहेत. रेशमाची गल्ली, चांदीची गल्ली, तांब्याची गल्ली. "अगं, आपली तांबट आळीच!" जिजू खूश. हॉटेलात सकाळी नाश्त्याला बसले तर तिथल्या मुलीने हसून विचारलं, "चाय?" जिजूंनी मान हलवली. "नो नो, कॉफी." ती गेली आणि पाच मिनिटांत जिजूंसमोर कॉफी आली. सोबत हॅमचं सँडविच! जिजूंनी ताट ताईकडे सरकवलं आणि खाकरा काढला. काय चुकलं ते तेव्हा कळलं नाही. कळायला तीन दिवस जावे लागले.

कॉफी मात्र जबरदस्त होती म्हणे. कॉफी पिकवण्यात ब्राझीलनंतर व्हिएतनामचाच नंबर लागतो. फ्रेंचांनी आणलेली ही कॉफी लोकांनी पार आपलीशी केलीय. कपावर पत्र्याचं छोटं गाळणं, खाली कंडेन्स्ड मिल्क, आणि थेंब थेंब पडणारी कॉफी बघत बसायचं. ताईने हनोईची प्रसिद्ध एग कॉफीही प्यायली. 1946 मध्ये दुधाची टंचाई होती, तेव्हा न्गुएन वान जांग नावाच्या एका बारटेंडरने दुधाऐवजी अंड्याचा बलक घोटून कॉफीवर घातला. "मऊ कस्टर्ड प्यायल्यासारखं वाटतं," इति ताई. जिजूंनी नारळाच्या दुधाची कॉफी घेतली. इथपर्यंत सगळं आलबेल होतं.

फोचा वाडगा

दुसऱ्या दिवशी सकाळी बारीक पाऊस, बोचरी थंडी. फुटपाथवर एका कोपऱ्यात लहान मुलांच्या असतात तशा बुटक्या प्लॅस्टिकच्या स्टुलांवर लोक वाडग्यात डोकं घालून बसलेले. तिथे थांबायचा आग्रह ताईचा नव्हता बरं का, जिजूच थांबले. "गोडा मसाला भाजल्यासारखा वास येतोय गं!"

वास खरंच ओळखीचा होता. फोच्या रश्श्यात चक्रीफूल, दालचिनी आणि मसाला वेलदोडा असतो. आपल्याकडे मसाल्याच्या डब्यात जे चक्रीफूल असतं, त्यातलं बरंचसं व्हिएतनाममधूनच येतं. त्यामुळे जिजूंचं नाक चुकलं नव्हतं.

ताईने फोनवर भाषांतर करून बाईंना दाखवलं, 'मांस नको'. बाईंनी मान डोलावली. वाडगा आला. तांदळाचे नूडल्स, कांद्याची पात, कोथिंबीर, वर लिंबू पिळलेलं. मांसाचा तुकडा नाही. जिजूंनी अर्धा वाडगा संपवला. "मस्तय!" म्हणाले.

आणि तेवढ्यात ताईची नजर मागच्या मोठ्या पातेल्याकडे गेली. बाईंनी झाकण काढून पळी घातली आणि वर आलं ते भलंमोठं हाड.

"मी मिनिटभर काहीच बोलले नाही," ताई सांगते. "गप्प बसले असते तर त्याला आयुष्यात कळलं नसतं. पण उद्या त्याने परत तेच मागितलं असतं तर? सांगितलं."

जिजूंनी चमचा खाली ठेवला. उठून रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. हात माळेवर. ताई मागे गेली, सॉरी म्हणाली, चुकून झालं म्हणाली. त्यावर जिजू जे बोलले, ते सांगताना आजही त्यांची मान खाली जाते. "तुला काय फरक पडतो? तू तर सगळंच खातेस."

त्या बाईंनी फसवलं होतं का? अजिबात नाही. 'मांस नको' म्हटल्यावर त्यांनी मांस घातलं नाही. रस्सा हा रस्सा, मांस हे मांस. आपल्याकडेही 'पीस काढून नुसती ग्रेव्ही देऊ का?' असं विचारणारे असतातच की! प्रश्न ऐकणाऱ्याचा नव्हता, विचारणाऱ्याचा होता. पण हे शहाणपण नंतरचं. तेव्हा दोघंही नुसते भडकलेले होते.

एकटीचं बून चा

पुढचे दोन दिवस जिजू हॉटेलात दशम्या आणि मेतकूट. ताई एकटी यादी घेऊन रस्त्यावर. बून चा खायला गेली. कोळशावर भाजलेलं डुकराचं मांस, आंबट-गोड पातळ सॉस, तांदळाच्या शेवया आणि टोपलीभर हिरवा पाला. 2016 मध्ये बराक ओबामा आणि शेफ अँथनी बोर्डेन हनोईतल्या एका साध्या दुकानात हेच खायला बसले होते. दोघांचं मिळून बिल झालं सहा डॉलर. त्यांचं ते टेबल आता काचेत ठेवलंय!

"बून चा अप्रतिम होतं," ताई म्हणते. "मी मजेत खाल्लं. आणि मजा येतेय याचा मला राग येत होता."

त्याच दिवशी दुसऱ्या एका खानावळीत तिने भाताच्या वाडग्यात चॉपस्टिक्स उभ्या खोचून ठेवल्या. गल्ल्यावरच्या मावशी उठून आल्या, एक शब्द न बोलता त्या काढल्या आणि वाडग्यावर आडव्या ठेवल्या. रात्री ताईने शोधून पाहिलं. गेलेल्या माणसापुढे भात ठेवून उदबत्ती लावतात, उभ्या काड्या तशा दिसतात. आपल्याकडे ताटात असं काही अशुभ झालं की आजी न बोलता ताट फिरवते, अगदी तसंच. "त्या मावशी मला ओरडल्या नाहीत, हसल्याही नाहीत. आणि मी? मी त्याला म्हटलं होतं, एवढं काय त्यात, रस्साच तर होता." म्हणजे फोच्या दुकानाबाहेर बोललेलं एक वाक्य ताईने मला आधी सांगितलंच नव्हतं. ते आत्ता बाहेर आलं. चूक एकाची नव्हती तर.

साळसूद आजी आणि 'अन चाय'

हनोईहून दा नांगला जाणारी रात्रीची ट्रेन. सोळा-सतरा तासांचा प्रवास. चार बर्थचा डबा. समोर एक आजी आणि कॉलेजात जाणारा तिचा नातू. टेत, म्हणजे व्हिएतनामी नववर्ष, नुकतंच होऊन गेलेलं. गाडी सुटताच आजीने पिशव्या उघडायला सुरुवात केली. (ट्रेन सुटली की डबे उघडायचे, हा नियम जगभर सारखाच असावा!)

"अन कम चुआ?" आजीने विचारलं. नातवाने मोडक्या इंग्रजीत सांगितलं, आजी विचारतेय, जेवलात का?

ताई म्हणाली "हो". जिजू म्हणाले "नाही". एकाच वेळी.

आजीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग पिशवीतून पानात बांधलेला चौकोनी चिकट भात काढला. टेतला घरोघरी होणारं बान चुंग. आत मुगाची डाळ असते आणि डुकराचं मांसही. जिजूंनी हात जोडले आणि गळ्यातली माळ दाखवली. नातू म्हणाला, "आ! अन चाय?"

"चहा नको," जिजू म्हणाले.

आजी मात्र खुलली. "अन चाय! अन चाय!" म्हणत तिने स्वतःच्या मनगटावरची लाकडी मण्यांची जपमाळ पुढे केली. नातवाने समजावलं आणि जिजूंच्या डोक्यात हॉटेलातली ती सकाळ लख्ख उजेडात आली. 'चाय' म्हणजे चहा नव्हे. बौद्ध परंपरेतलं शाकाहारी जेवण! मांस नाही, मासे नाहीत, रस्सा नाही, कडक पाळणारे तर कांदा-लसूणही खात नाहीत. ज्या शब्दाने सगळी ट्रिप सोपी झाली असती, त्याला जिजू पहिल्याच सकाळी 'नो नो' म्हणाले होते.

गंमत म्हणजे हनोईत चहाला 'चा' म्हणतात. आणि बून चा मधला 'चा' म्हणजे भाजलेलं मांस. व्हिएतनामी भाषेत सहा सूर आहेत. आवाज जरा वर गेला, खाली आला की शब्दच बदलतो. आता सांगा, माणसाने करायचं काय?

आजीने फोनचं कॅलेंडर दाखवलं. तारखेखाली बारीक अक्षरात दुसरी तारीख होती. चंद्राची! आपल्या कालनिर्णयवर तिथी असते ना, तशी. महिन्याची पहिली आणि पंधरावी तिथी, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, तिथले कितीतरी लोक 'चाय' जेवतात. आजीने पंधराव्या तिथीवर बोट ठेवलं. तीन दिवसांनी, 12 फेब्रुवारीला. नववर्षातली पहिली पौर्णिमा, त्यांच्यासाठी वर्षातली सगळ्यात मोठी. जिजूंनी स्वतःच्या फोनवर पंचांग उघडलं. माघ पौर्णिमा!

मग आजीने दुसरा डबा उघडला. वाफवलेला चिकट भात आणि वर तीळ, शेंगदाणे, मीठ भरड कुटलेलं. जिजूंनी पहिला घास घेतला आणि थांबले. "ही शेंगाचटणी आहे. फक्त तिखट घालायला विसरलेत." सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाने शेंगाचटणीला दिलेली पावती ही! तीन दिवसांत जिजू पहिल्यांदा दुसऱ्याच्या हातचं पोटभर जेवले. ताईने बान चुंगचा तुकडा घेतला. दोघं एकाच बर्थवर, शेजारी शेजारी.

रात्री दिवे मालवल्यावर वरच्या बर्थवरून जिजूंचा मेसेज आला. 'जेवलीस का नीट?' ताई म्हणते, इतकं चीझी माझ्या नवऱ्याने लग्नाआधीही कधी लिहिलं नव्हतं.

पौर्णिमेचं गाव

दा नांगहून तासाभरावर होई आन. जुनं बंदर, युनेस्कोच्या वारसा यादीतलं गाव. त्यांच्या 20,000 डाँगच्या नोटेवर छापलेला छत असलेला जपानी पूल इथलाच. दर महिन्याच्या चौदाव्या तिथीला संध्याकाळी इथले विजेचे दिवे मालवतात आणि गाव कागदी-रेशमी कंदिलांवर उजळतं. लोक नदीत दिवे सोडतात. आपल्या त्रिपुरी पौर्णिमेसारखं दृश्य, दर महिन्याला!

त्या रात्री ताईने बान सेओ घेतलं. तांदळाचं पीठ, हळद, नारळाचं दूध, तव्यावर 'चर्र' आवाज. पाहिल्यावर ताई ओरडलीच, "घावन!" आत कोळंबी. जिजूंनी शेजारच्या गाडीवर नातवाने फोनमध्ये लिहून दिलेली ओळ दाखवली, 'मी चाय खातो, मासळीचं पाणीही नको'. त्यांना मशरूम आणि मोड आलेल्या मुगाचं घावन मिळालं. हे 'मासळीचं पाणी' फार महत्त्वाचं. नुओक माम म्हणजे छोटे मासे मिठात महिनोन् महिने मुरवून काढलेलं सॉस. ते तिथे आपल्या फोडणीसारखं सगळीकडे असतं, पालेभाजीतसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं मी सनला गेले. डोंगरांच्या कुशीत विटांची शंभू महादेवाची देवळं, चौथ्या ते तेराव्या शतकातली, चाम राजांनी बांधलेली. 1969 मधल्या अमेरिकन बॉम्बहल्ल्यात बरीचशी पडली. आपलं पुरातत्त्व खातं तिथे डागडुजीचं काम करतंय, आणि 2020 मध्ये त्या कामातच नवव्या शतकातलं अखंड शिवलिंग सापडलं. जिजू तिथे बराच वेळ बसून होते.

मग दुपारचं जेवण. पौर्णिमा असल्यामुळे 'कम चाय'च्या पाट्यांखाली ही गर्दी! काचेमागे पंधरा-वीस भाज्या. बोट दाखवायचं, भातावर वाढून घ्यायचं. फणसाची भाजी, टोफू आणि आपल्याकडे पावसाळ्यात मिळणारी नाळीची भाजी. त्यात एका थाळीत चक्क कोळंब्या! जिजू दोन पावलं मागे. वाढणारी मुलगी हसून म्हणाली, "चाय, चाय!" कोळंबीच्या आकाराचं काहीतरी पिठाचं प्रकरण होतं ते. ताईने एक खाल्ली, "बरीय, पण कोळंबी नाही." जिजूंनी एक खाल्ली, "म्हणजे कोळंबी अशी दिसते होय!"

वर्षभराच्या संसारात दोघांनी एकाच ताटातली 'कोळंबी' खाल्ल्याची ही पहिलीच वेळ.

गावाकडचा फोन

फोचं घरी सांगायचं की नाही? जिजूंच्या डोक्यावर ते ओझं होतंच. त्या संध्याकाळी नदीकाठी बसून त्यांनी वडिलांना फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग काका म्हणाले, "न कळत झालं ना? मग झालं. येत्या एकादशीला दोन अभंग जास्त म्हण. मला हे सांग, तू रुसून बसलास, त्या दोन दिवसांत सूनबाई जेवली का?"

जिजूंकडे उत्तर नव्हतं. कारण त्यांनी विचारलंच नव्हतं.

ट्रिप संपून आता बरेच महिने झालेत. जिजू मांसाहारी झाले नाहीत आणि ताई माळकरी झाली नाही. करार तोच आहे. फरक इतकाच की आता ताई मासे खायला निघाली की जिजूही सोबत जातात. पूर्वी बाहेर गाडीत बसून रील्स बघायचे, आता आत समोर बसून सोलकढी पितात. "आधी विचारतो, कढीत दुसरं काही नाही ना? नीट विचारलं की नीट उत्तर मिळतं," जिजू म्हणाले. मला वाटतं, लग्न काय आणि परदेश काय, दोन्हीकडे हेच लागू असावं. समोरच्याचा शब्द आधी शिकून घ्यायचा, मग प्रश्न विचारायचा.

निघताना जिजूंनी विचारलं, "जेवून जातेस का?"

मी म्हटलं, "नको, चहा चालेल."

दोघंही एकमेकांकडे बघून असे काही हसत सुटले की माझा चहा राहिलाच!

चौकट : व्हिएतनामला जाताय?

- 'तोय अन चाय' म्हणजे मी शाकाहारी खातो किंवा खाते. उच्चारावर भरवसा ठेवू नका, फोनमध्ये लिहून ठेवा. 'नो मीट' म्हणून थांबू नका.
- रस्सा आणि नुओक माम, म्हणजे माशांचं सॉस, दोन्ही नको असल्याचं वेगळं सांगा. 'क्वान चाय' किंवा 'कम चाय' अशी पाटी दिसली की निर्धास्त आत शिरा.
- तारीख ठरवताना पंचांग बघा. पौर्णिमेच्या आसपास गेलात तर शाकाहारी जेवण भरपूर मिळतं, आणि आदल्या दिवशी होई आनचे कंदीलही बघायला मिळतात.
- 20,000 आणि 5,00,000 डाँगच्या नोटा दोन्ही निळसर असतात. साधारण 70 रुपये आणि 1,700 रुपयांइतका फरक! शून्यं मोजूनच नोट द्या.
- हाक मारताना नात्याने मारा. आपण 'ओ मावशी', 'ओ दादा' म्हणतो तसं तिथे थोड्या मोठ्या बाईला 'ची ओय', लहान वयाच्या कुणालाही 'एम ओय'. त्यात उद्धटपणा नाही, उलट आपुलकी आहे.
- चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचू नका. जेवण झालं की 'काम अन' म्हणजे 'थँक यू' म्हणायला विसरू नका.